डॉलरआबांची मिशी

घोटावड्यात कुणाला वय विचारलं की तो अंदाजानं एखादं साल सांगतो, नाहीतर थोरल्या भावाच्या वयातून दोन-तीन वजा करून दाखवतो. आमच्या शेजारचे शंकरआबा डॉलरचा भाव सांगायचे. “माझा जनम डॉलर पावणेपाचाला हुता तवाचा. लगीन झालं तवा आठाच्या वर. आन नोकरी सोडली तवा सेहेचाळीस.” थोरली मुलगी झाली तेव्हा रुपया थोडा वधारून डॉलर आठाच्या आत आला होता, म्हणून तिचं नाव लक्ष्मी. लग्नाचा भाव आबांना पैशापर्यंत पाठ होता, पण त्याच लग्नात सुलाकाकूंना कुठल्या रंगाचा शालू होता, हे त्यांना एकदाही बरोबर सांगता आलं नाही. काकू पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारायच्या.

आबा पुण्यातल्या एका बँकेत शिपाई होते, परकीय चलनाच्या विभागात. रोज सकाळी साहेब चिठ्ठीवर दर लिहून द्यायचे आणि आबा खडूनं ते काळ्या फळ्यावर उतरवायचे. एवढंच काम. पण त्यांच्या बोलण्यात ते इतकंच राहत नसे. “एक्याण्णवला रुपाया पाडला तो मी. ह्या हातानं. तोबी दोनदा,” असं म्हणून ते उजवा हात पुढे करत, आणि समोरच्याला तो हात नीट बघावाच लागे. पुढे बँकेत फळ्याच्या जागी लाल दिव्यांची पाटी आली, आपोआप बदलणारी. आबांनी त्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. “दर आपला आपुन हालाया लागला. मग माझं काय काम?” असं ते इतक्या दुखावलेल्या आवाजात सांगत, की आजवर रुपयाचं जे काही बरंवाईट झालं ते यांना विचारूनच झालं असं वाटावं.

गावात आल्यावर त्यांनी बाळूच्या सलूनबाहेरचा बाक धरला. बाळूनं दाढी-कटिंगचे दर लिहायला एक फळा टांगला होता. त्याच्या खालच्या रिकाम्या जागेत आबा रोज सकाळी बँकेतल्या वळणदार अक्षरात डॉलरचा दर लिहू लागले. सलूनला येणाऱ्यांत डॉलर पाहिलेला एकही माणूस नव्हता. तरी फळा कोरा दिसला की लोक विचारत, “आज काय बाजार बंद हाय का?”

मी मूळची पुण्याजवळच्या सूसची, लग्न होऊन घोटावड्यात आले. हिंजवडीतल्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघते. आमच्या कंपनीची बस बरोबर बाळूच्या सलूनसमोर थांबायची, त्यामुळे आबा आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ समोरासमोर. माझी कंपनी डॉलरमध्ये बिलं लावते हे कळल्यापासून मी त्यांच्या लेखी शेजारची सून राहिले नाही, आतल्या गोटातली बातमीदार झाले.

माझ्या नव्या नवलाईच्या दिवसांत डॉलर घसरत घसरत चाळिशीच्या आत आला. आमच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, रुपया वधारलाय, कंपनीला फटका बसलाय, यंदा पगारवाढ नाही. मी तोंड पाडून बसमधून उतरले तर समोर आबा, हातात पेढ्यांचा पुडा.

“घे सूनबाई. रुपाया वर आला.”

“आबा, त्यामुळेच आमचा पगार वाढला नाही,” मी म्हणाले.

आबांनी क्षणभर विचार केला. “आस्सं? मग दोन घे,” म्हणाले.

पैज लागली ती त्याच संध्याकाळी, माझ्यादेखत. बाकाच्या दुसऱ्या टोकाला विठ्ठलतात्या बसायचे. आबांच्याच वयाचे, एकाच शाळेत शिकलेले, पस्तीस-चाळीस वर्षं भात लावून कमरेत वाकलेले. दोघांचं एका गोष्टीवर कधी एकमत झालेलं मी ऐकलं नाही. आबा पेढ्याच्या भरात म्हणाले, “आता तीसाला येतुया बघ.”

“तीस?” तात्या म्हणाले. “मरायच्या आदी नव्वद बघशील, शंकऱ्या.”

“नव्वद झाला तर मिशी उतरवीन. हितं, बाळूच्या खुर्चीत.”

“आन तीसाला आला तर मी माजी उतरवतो.”

दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी दिली. बाळूनं साक्षीला वस्तरा उंच धरला. मला तेव्हा हसू आलं, कारण नव्वद काय आणि तीस काय, दोन्ही सारखेच लांब होते.

मिशीचं एक सांगायला हवं. आबांची मिशी साधी नव्हती. भरघोस, वरच्या ओठावर पूर्ण उतरलेली, टोकं किंचित वळवलेली. तिची हकिकत ते स्वतः सांगत. “सहासष्ट साली रुपाया एका रातीत पावणेपाचावरनं साडेसातावर आपटला. त्याच साली मला मिशी फुटली. देशाची गेली, माजी आली.” हे म्हणून ते हसत. हसताना हात नेहमी मिशीवर जाई, पालथी मूठ इकडून तिकडे. मला वाटायचं, मिशीचा तोरा आहे म्हाताऱ्याला.

खरं मला कुरडया घालताना कळलं. सुलाकाकू आणि मी गच्चीवर होतो, खाली आबांचं मिशीपुराण चालू होतं. काकू हळूच म्हणाल्या, “त्यांचा वरचा ओठ जलमापासून फाटका हाय. पोटुशी असताना गिऱ्हानात सासूबाईंनी इळी हातात घेतली म्हनत्यात. ल्हानपनी टाकं घातलं, पर वाकडं बसलं. शाळंत पोरं ससा म्हनायची. मिशी आली तवापासनं कुनाला दिसला न्हाई. लगीन ठरलं तवा मलाबी न्हाई.” मग सोऱ्या दाबत म्हणाल्या, “नव्वद नगं व्हायला, बाई.”

त्या दिवसापासून मीही डॉलरकडे त्याच नजरेनं बघू लागले, जी माझ्या पगाराच्या हिताच्या अगदी उलट होती.

आबांना अर्थशास्त्र शिकवायची फार हौस. पुस्तकी शब्द त्यांना येत नसत, पण मुळशी धरण जवळ होतं. “शनवारी पुन्याच्या गाड्या रिसॉर्टावर आल्या की चिलापीचा भाव का चढतो? मासा त्योच, पानी त्येच. घेनारं वाढलं म्हनून. आता समद्या जगाला त्याल लागतंय, आन त्याल डॉलरातच मिळतंय. म्हंजी जगाचा रोजच शनवार.” लढाई लागली की तेल महाग, तेल महाग की डॉलरला मागणी, मागणी वाढली की रुपया खाली. अमेरिकेत व्याज वाढलं की तिकडचा पैसा तिकडे परत, पुन्हा रुपया खाली. हे सगळं ते चिलापीवर सांगत. एकदा कुणीतरी विचारलं, मग रुपया वर कधी येतो? आबा म्हणाले, “रविवारी सांजच्याला. मासळी उरली की.”

एक्याण्णवची गोष्ट मात्र काकूंच्या तोंडून ऐकावी. देशाकडे तेल घ्यायलाही डॉलर उरले नव्हते, म्हणून सरकारनं सोनं परदेशात गहाण ठेवलं. ही बातमी आबांनी घरी येऊन दबक्या आवाजात सांगितली. काकूंनी ‘सरकार सोनं न्यायला लागलंय’ एवढंच ऐकलं आणि नवरा सरकारी बँकेतला. त्यांनी बोरमाळ भाताच्या कणगीत खुपसली. मग रुपया पडला. एकदम नाही, दोन टप्प्यांत, मध्ये एक दिवस सोडून. आबांनी फळा दोनदा पुसला. “एकदम पाडला तर लोक घाबरत्यात. म्हनून आदी थोडा, मग उरलेला,” असं ते सांगत. देशाचं सोनं पुढे सुटलं. काकूंची बोरमाळ मात्र कणगीच्या तळाला गेली ती भात संपल्यावरच वर आली.

आणखी एक किस्सा सांगते, कारण तो पुढे कामाला येणार आहे. गावातला एक पोरगा दुबईला गाडी चालवायला गेला होता. सुट्टीत आला तेव्हा आबांनी त्याला बाकावर बसवून दिरहामची चौकशी केली. आणि मग त्यालाच शिकवलं. “तुजा दिराम सोताहून हालत न्हाई. त्यानं डॉलराच्या खुट्याला बांधून घेतलंय. डॉलर उटला की ह्यो उटनार, बसला की बसनार.”

तात्या लगेच म्हणाले, “म्हंजी घरजावईच की.”

आबा इतके हसले की मूठ मिशीवरून हलेना.

मग वर्षं गेली. घोटावड्याच्या आसपास कारखाने वाढले, भातखाचरांच्या जागी खोल्या उठल्या, खोल्यांत भाडेकरू आले. तात्यांनीही चार खोल्या बांधल्या. आणि डॉलर वर चढत राहिला. अडुसष्टाला टेकला त्या पावसाळ्यात आबा आठवडाभर बाकावर आले नाहीत. सत्तरी गेली, मग ऐंशी गेली. आता लोक थट्टेनं विचारत नव्हते, मोबाइल काढून बघत होते. खरीप काय भावानं जाणार हे माहीत नसलेला माणूसही सकाळी डॉलर बघून घराबाहेर पडे. कधी सरकारी मोठ्या बँकेनं बाजारात डॉलर विकून रुपया सावरला, की बाळू कात्री वाजवत ओरडे, “आबा, तुमच्या मिशीसाटी आज बँक उतरली!” आबाही मानेनं होकार देत, जणू फोन त्यांनीच केला होता. पण मी पाहत होते, फळ्यावर आकडा लिहिताना खडू आता जरा जास्त वेळ टेकलेला असे.

अखेर गेल्या हिवाळ्यात एके दिवशी ऑफिसातच मला दिसलं. नव्वद. माझ्या बाजूच्या टेबलावर कुणीतरी आनंदानं टाळ्या वाजवल्या. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बससाठी उभी होते. आबा आले, खडू घ्यायला हात पुढे केला आणि थांबले. फळ्यावर आधीच लिहिलेलं होतं, ८९.९९.

“ह्ये अक्षर माजं न्हाई,” आबा म्हणाले.

बाळू गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर मारत म्हणाला, “गावचा दर हाय, आबा.”

आबांनी फळ्याजवळ जाऊन चष्मा वर केला. “इठ्या, तुजं नऊ तिसरीपासनं डावीकडं पडतंय.”

तात्या बाकावरून उठले नाहीत. “ठरवलंय आमी. घोटावड्यात डॉलर नव्वद व्हायचा न्हाई. पूर्वी दिल्लीवाले दर ठरवत हुते, तसा आमी ठरवला.”

“ठरवलेला दर धराया गंगाजळी लागती. ती सपली की सोनं गहान. तुज्याकडं काय हाय?”

“मी पैज हारलो म्हनतो की.”

“जिकलेला मानूस हारतो कसा?” आबा म्हणाले. त्यांनी ओल्या फडक्यानं तात्यांचे नऊ पुसले, खरा आकडा लिहिला आणि आत जाऊन खुर्चीत बसले. “बाळू, वस्तरा.”

“पातं सपलंय, आबा.”

“मग कात्री.”

“धार लावाया दिलीया.”

आरशाखाली पात्यांच्या पाकिटांची चळत होती आणि कात्री बाळूच्या हातातच होती. आबांनी दोन्हीकडे बघितलं आणि उठून घरी गेले. माझी बस आली.

त्याच्या पुढच्या सकाळी आबा आले ते अर्धी मिशी घेऊन. डावी बाजू साफ, उजवी तशीच, टोक वळवलेलं. बाळूच्या हातून वाटी पडली. बाकावरचे, सलूनमधले, दुधाचे कॅन घेऊन जाणारे, सगळे खो खो हसले. आबा रुबाबात म्हणाले, “पयला टप्पा. एक्याण्णवला असंच केलतं. उद्याचा दिवस सोडून दुसरा.” मीही हसले. बसमध्ये हसले, ऑफिसात सांगून हसले.

संध्याकाळी काकू कुंपणाशी भेटल्या तेव्हा माझं हसू गेलं. “टप्पा कुटला न् काय कुटला,” त्या म्हणाल्या. “सकाळी आरशाम्होरं हुबे ऱ्हायले. चांगली बाजू झाली. मग त्या बाजूला वस्तरा न्हेला आन हात थांबला. माज्याकडं बगून म्हनले, टप्प्यानं करू.”

मला फार वाईट वाटलं. सत्तरी उलटलेला माणूस, नातवंडं झालेला, आणि शाळेतल्या पोरांनी मारलेली हाक अजून मिशीखाली धरून बसलेला.

मधल्या दिवशी आबा घराबाहेर पडले नाहीत. बाकावर तात्या एकटेच होते. मला बघताच उठून जवळ आले. “सूनबाई, दर खाली येत न्हाई का गं आज? तुज्या कंपनीत कुनाला तरी सांग की.”

“तात्या, तो कंपनीच्या हातात नसतो,” मी म्हणाले.

“मग कुनाच्या असतो?” ते चिडून म्हणाले. मग खालच्या आवाजात बोलले. “ससा मीच म्हनलो हुतो त्याला. पयल्यांदा. गंमत म्हनून. मग समद्या शाळंनं उचललं. पैज लावली तवा मला ह्ये ध्यानातबी न्हवतं. काल अर्धी मिशी बगितली तवा आटवलं, कुनची बाजू राखली ती.” बस आली, मी चढले. मागे वळून पाहिलं तर ते बाळूशी काहीतरी बोलत होते आणि बाळू नाही नाही म्हणून मान हलवत होता.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर निघाले. सलूनसमोर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती, पण गप्प. आबा आले. तोंडाभोवती मफलर गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. ते बाकाशी आले आणि खिळून उभे राहिले.

बाकावर विठ्ठलतात्या बसले होते. त्यांच्या ओठावर मिशी नव्हती. पांढरीशुभ्र, प्रत्येक लग्नात फेट्याखाली फोटोला पुढे असणारी ती मिशी पूर्ण गेली होती. ओठ उघडा पडून तात्यांचं तोंड एकदम लहान आणि बावळट दिसत होतं.

“इठ्या, ह्ये काय?” मफलरमधून आबांचा आवाज आला. “तुजी पैज तर तीसाला हुती.”

“व्हय. पर मी बांधून घेतलं,” तात्या म्हणाले. “तुज्या खुट्याला. दिरामावानी. तू बसला की मीबी बसनार.”

मग मफलरच्या आतून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

“घरजावई झालास व्हय, लेका,” ते म्हणाले आणि त्यांनी मफलर सोडला.

नाकापासून ओठापर्यंत एक पांढरट, वाकडी रेघ होती. एवढीच. बाळूनं एकदा पाहिलं आणि गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावायला वळला. तात्यांनी मात्र नीट, अगदी जवळून पाहिलं. “हॅट्,” ते म्हणाले, “यासाटी एवढी वर्सं मिशी सांभाळली? माजं तोंड बग, माजं वंगाळ दिसतंय.”

“ते तर आदीपासनं हुतं,” आबा म्हणाले. मग खडू घेऊन त्यांनी फळ्यावर त्या दिवसाचा दर लिहिला.

खरी चेष्टा पुढेच झाली. दोन-तीन आठवड्यांत मोठ्या बँकेनं जोर लावला आणि डॉलर परत एकोणनव्वदवर आला. मी धावत जाऊन सांगितलं. दोघं बाकावर शेजारी होते, दोघांच्या ओठांवर नुकतीच पांढरी खुंटं उगवत होती. आबांच्या रेघेवर मात्र काही उगवलं नव्हतं, तिथे कधी उगवणारही नव्हतं. दोघांनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग एकमेकांच्या तोंडाकडे.

“म्हंजी फुकट गेली?” तात्या म्हणाले.

“फुकट कशी? तिच्यामुळंच तर आला खाली,” आबा म्हणाले.

त्यानंतर आमची बसच कंपनीनं बंद केली. आता मी स्कूटीनं दुसऱ्या रस्त्यानं जाते, सलून लागत नाही. त्यामुळे सकाळचे आबा मला शेवटचे दिसले ते बसच्या खिडकीतून. बस सुटली होती. तात्या काहीतरी म्हणाले, मला काचेमुळे ऐकू आलं नाही. आबा मान मागे टाकून हसले. सवयीनं त्यांची मूठ वर आली, ओठाच्या अर्ध्या वाटेवर थांबली, आणि तिथूनच वळून तात्यांच्या पाठीत बसली.